पावसाचा अंदाज आहे, तरी कॅरॅव्हॅन क्लबच्या वीकेंडला जावं का?

सायली_लेस्टर (मंगळवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी,

आम्ही लेस्टरला राहतो. एप्रिलमध्ये जुनी कॅरॅव्हॅन घेतली, पाच जणांना झोपता येईल एवढी, गाडीमागे ओढायची. लगेच क्लबचे सभासदही झालो. क्लबच्या आमच्या भागातल्या शाखेचा (इथे सेंटर म्हणतात) या शुक्रवार ते रविवार सोशल वीकेंड आहे, डर्बीशरमध्ये बेकवेलच्या पुढे एका शेतावर. विसेक व्हॅन येणार आहेत. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा, मोठ्या तंबूत एकत्र जेवायचं, मग क्विझ. रविवारी सकाळी कॉफी आणि निघण्याआधी 'फ्लॅग', म्हणजे झेंड्यापाशी जमून आभाराचा कार्यक्रम. शेतावर वीज नाही, पाण्याचा एकच नळ, टॉयलेटची कॅसेट (खालची मैल्याची टाकी) ओतायला एक जागा.

अडचण हवामानाची. काल ३० अंश होतं, मुलं अंगणात पाइप घेऊन खेळत होती. आणि आता अंदाज म्हणतो, शुक्रवारी ऊन, शनिवारी दुपारपासून पाऊस, रात्री ताशी ४० मैलांचे झोत. नवरा, मंदार, म्हणतो रद्द करू. सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्यात, त्या म्हणतात पावसाला काय भ्यायचं. मुलं ९ आणि ६ वर्षांची.

जावं का? गेलो तर काय न्यावं? आणि खरं सांगायचं तर मला पावसापेक्षा दुसरीच धाकधूक आहे. तिथे बहुतेक सगळे साठीपुढचे इंग्रज असतील. आई आणि मुलं तीन दिवस काय करतील?

निवांत_नील

जा. गमबूट घ्या, मोज्यांचे जास्तीचे चार जोड घ्या आणि जा.

दर्यावर्दी (हल)

सायली, तुमच्या प्रश्नात पाऊस आणि वारा एकत्र झालेत, ते आधी वेगळे करा. पावसानं कुणाचं फार बिघडत नाही. वाऱ्यानं बिघडतं.

मी चौदा वर्षं व्हॅन ओढतोय. हे बेट अटलांटिकच्या तोंडाशी आहे आणि डोक्यावर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा जोराचा वारा. तो उत्तरेला सरकला की दक्षिणेची गरम हवा वर येते, खाली उतरला की कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येत राहतात. म्हणून २०२३ चा जून यूकेच्या नोंदीतला सगळ्यात उष्ण जून ठरला आणि पाठोपाठ जुलै सगळा भिजका गेला. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये कॉनिंग्सबीला ४०.३ अंश झाले. आम्ही त्या आठवड्यात शेजारच्याच जिल्ह्यात होतो, व्हॅनमध्ये बसवत नव्हतं, ऑनिंगला, म्हणजे व्हॅनच्या अंगाला जोडतो त्या तंबूला, ओले टॉवेल टांगून सावलीत दिवस काढला. पुढच्या वर्षी त्याच शेतावर ट्रॅक्टर बोलावून बाहेर निघालो.

अंदाजात ४०% दिसलं तर त्या तासात पाऊस पडण्याची शक्यता दहात चार, एवढाच अर्थ. दिवसाचा ४०% वेळ पाऊस, असा नाही. मंगळवारी बसून शनिवारचे तास मोजू नका. शुक्रवारी सकाळी अंदाज बघा आणि शनिवारी दुपारी रडार बघा.

वाऱ्याचं मात्र ऐका. ऑनिंग वारा धरतं. कंब्रियात रात्री दोन वाजता आमच्या ऑनिंगचा पट्टा सुटला. आधी धोतर झटकल्यासारखा आवाज आला. मग कापड आतून फुगलं, छताच्या खळग्यात साठलेलं बादलीभर पाणी एकदम खाली आलं आणि वाकलेला खांब खिडकीच्या काचेवर टकटक करायला लागला. मी दार उघडून बाहेर येतो तर शेजारचे चौघं आधीच कापडावर पालथे पडलेले, पायजम्यावर रेनकोट, डोक्याला दिवे बांधलेले. सत्तरीच्या एक बाई गवतात चाचपडत मेखा गोळा करत होत्या. एकालाही मी हाक मारली नव्हती. सकाळी त्याच बाईंनी आमचा खांब गुडघ्यावर धरून बऱ्यापैकी सरळ करून दिला.

तेव्हापासून माझा नियम: झोत ३५ मैलांवर जाणार असतील तर दिवस असतानाच ऑनिंग उतरवायचं. आणि ओढताना वारा असेल तर वेग कमी. मोटरवेवर आपल्याला ६० मैलांची मर्यादा आहेच, अशा दिवशी मी ५० च्या पुढे जात नाही.

हडपसरकर

मी पुण्यात बसून वाचतोय. भिजायला आपणही भुशी डॅमला जातो, पण संध्याकाळी घरी येतो. ओल्या शेतात, एका डब्यात, पाच माणसं दोन रात्री काय करतात? खरंच विचारतोय.

दर्यावर्दी

@हडपसरकर, पत्ते खेळतात. आणि छतावरचा पाऊस ऐकतात. पत्र्याच्या घरात येतो तसाच आवाज येतो. मी मूळचा देवगडचा, मला इतकी गाढ झोप दुसरीकडे कुठे लागत नाही.

मृद्गंध

इथल्या पावसाची भीती आकड्यांत शोधली तर सापडत नाही. लंडनला वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पडतो, पुण्यापेक्षा कमी. फक्त तो बारा महिन्यांत वाटून पडतो, त्यामुळे कुठल्याच शनिवारची खात्री देता येत नाही. लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेटला मात्र वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. तिकडचा वीकेंड ठरवाल तेव्हा छत्री नकोच, अंगभर रेनसूट घ्या. डोंगरात छत्री टिकत नाही.

माळकरी (स्विंडन)

सायलीताई, मी लहानपणी आजोबांबरोबर तीन वेळा वारी केलीय. क्लबच्या पहिल्या वीकेंडला पोचलो तेव्हा मला सगळ्यात आधी ती आठवली.

वारीत दिंडीचा ट्रक पुढे जातो. माणसं चालत पोचायच्या आधी राहुट्या ठोकलेल्या असतात, चूल पेटलेली असते, पाण्याची सोय कुठे ते कुणीतरी बघून ठेवलेलं असतं. इथे ते काम मार्शल करतात. बहुतेक वेळा एखादं जोडपं असतं. ते आदल्या दिवशीच येतात, रस्त्याच्या वळणावर पाटी लावतात, झेंडा उभा करतात, शेताचा कुठला भाग ओला आहे ते चालून बघतात. तुम्ही आत शिरलात की ते पुढे चालत जाऊन जागा दाखवतात. दोन व्हॅनमध्ये सहा मीटर अंतर ठेवायला लावतात, आग लागली तर पसरू नये म्हणून. यातल्या कुणाला पगार नसतो. यंदा त्यांनी केलं, पुढे कधीतरी तुमची पाळी.

आषाढात एका मुक्कामी आमच्या राहुटीत पाणी शिरलं होतं. आजोबांनी कुणाला काही सांगायच्या आधी शेजारच्या दिंडीतून दोन घोंगड्या आल्या. @दर्यावर्दींच्या त्या रात्रीबद्दल वाचताना हे सगळं परत डोळ्यांसमोर आलं. ऊन असतं तेव्हा जो तो आपापल्या खुर्चीत असतो. पाऊस आला की एकमेकांकडे जावं लागतं. माझ्या इथल्या सगळ्या घट्ट ओळखी भिजलेल्या वीकेंडच्या आहेत.

नेहा_नॉटिंगहॅम

सगळे छानच लिहितायत, म्हणून माझा अनुभव सांगते. आम्ही अशा दोन वीकेंडना गेलो. पहिल्या वेळी दोन दिवसांत हवामान सोडून कुणी काही बोललं नाही. मोठ्या तंबूत सगळे वीस-वीस वर्षांचे मित्र, खुर्च्या गोल मांडलेल्या, आम्ही त्या गोलाच्या बाहेर. पाऊस होता म्हणून बाहेर जाऊन बसायचीही सोय नव्हती. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. तो मला म्हणाला, "आई, आपण आपल्या घरात जाऊया ना." व्हॅनला तो घर म्हणाला, ते माझ्या मनात अजून आहे.

दुसऱ्या वेळी थोडं बरं होतं. पण आता आम्ही फक्त पाच व्हॅनवाल्या छोट्या जागांवर जातो. इथल्या १९६० च्या कायद्यात तशी सवलत आहे. क्लबनं प्रमाणपत्र दिलं की शेतकऱ्याला वेगळा परवाना न घेता पाच व्हॅन ठेवता येतात. शांत असतं, कुणाकडून अपेक्षा नाही. सायली, तू जा, पण रमली नाहीस तर चूक तुझी आहे असं समजू नकोस.

माळकरी

@नेहा, वाईट वाटलं वाचून. पण हवामानावर बोलणं ही इथली ओळख काढायची रीत आहे ना. आपण 'जेवण झालं का' विचारतो तसं.

नेहा_नॉटिंगहॅम

दादा, अकरा वर्षं राहतेय इथे, ते मला माहीत आहे. आपल्याकडे 'जेवण झालं का' नंतर 'या, बसा' येतं. ते 'या, बसा' आलं नाही.

माळकरी

बरोबर आहे तुमचं. माझ्याकडे याला उत्तर नाही. आमच्या सेंटरला नवीन कुटुंब आलं की आता मी हे लक्षात ठेवीन.

चिंच_गूळ

पदार्थ काय न्यायचा ते कुणीच सांगितलं नाही अजून!

कोथिंबीर वडी ने. घरी उकडून, उंडे तसेच डब्यात. तिथे कापून थोड्या तेलात परतायच्या, व्हॅनच्या छोट्या गॅसवर सहज होतं, तळण काढायची गरज नाही. मिरची निम्मी घाल, मुलं खातात आणि तिकडचेही खातात. डब्यावर चिठ्ठी चिकटव: बेसन, तीळ, काय काय आहे ते. शेंगदाण्याचं तर नक्की लिही, अॅलर्जीवाला एक तरी निघतोच. आणि सासूबाई सांगलीच्या आहेत तर भडंग होऊनच जाऊ दे. शेंगदाण्याऐवजी डाळं घाला.

ताडपत्री

काकूंच्या भडंगासाठी मी कार्डिफहून येतो. पत्ता टाका.

गॅसवाले_काका

मी एरवी इथे फक्त वाचतो. आज लिहितोय कारण सायली आणि मुलं पहिल्यांदा जातायत.

पाऊस आला म्हणून बार्बेक्यू ऑनिंगमध्ये आणू नका. विझलेला दिसत असला तरीही नाही. राख झालेले कोळसे तासन्‌तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला वाटतं की दमलोय, झोप येतेय, आणि तो झोपतो. ऊब मिळावी म्हणून तंबूत बार्बेक्यू घेतल्यानं माणसं गेली आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म व्हॅनमध्ये असतोच असं नाही, जुन्या व्हॅनमध्ये असला तरी त्याची मुदत संपलेली असते. उलटा करून मागची तारीख बघा. आणि खाली जमिनीलगत, वर छतात ज्या जाळ्या असतात त्या गार वारा येतो म्हणून कापडानं बुजवू नका. त्या त्यासाठीच ठेवलेल्या आहेत.

दुसरं, ओलं गवत. पोचल्याबरोबर निघायचा विचार करा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर व्हॅनच्या वजनानं मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. एकदा फिरली की खड्डा झालाच. म्हणून शक्य असेल तर तोंड उताराकडे ठेवा. निघताना पहिल्याऐवजी दुसरा गिअर, हळू. चाक फिरलं की लगेच थांबा आणि मार्शलला हाक मारा. मागायला लाजू नका, शेतकऱ्याचं शेतही वाचतं.

अभ्यासू

थोडं अवांतर. हौसेसाठी बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून जिचं नाव घेतात ती 'वाँडरर'. गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या स्कॉटिश डॉक्टरनं १८८५ मध्ये ब्रिस्टलला बांधून घेतली, घोडे ओढायचे. १९०७ मध्ये कॅरॅव्हॅन क्लब निघाला तेव्हा हे डॉक्टर त्याचे उपाध्यक्ष होते. २०१७ पासून क्लबच्या नावात मोटरहोमही आलं. म्हणजे पावसात एकत्र बसायची ही सवय शंभर वर्षांहून जुनी आहे.

आणि १५ जुलैला सेंट स्विदिनचा दिवस असतो. त्या दिवशी पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडणार, असं इथली म्हातारी माणसं म्हणतात. आपल्या पंचांगातल्या नक्षत्रांच्या वाहनांसारखंच. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की माझी आजी वाळवणं आवरायला घ्यायची. सायली, तुमच्या सासूबाईंना हे सांगा, त्यांना आवडेल.

हडपसरकर

माहितीबद्दल धन्यवाद सगळ्यांना. आपल्याकडेही २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं. तोरणमाळला किंवा भंडारदऱ्याला असं विसेक कुटुंबांनी जमायचं झालं तर मी पहिला येईन. जूनमध्ये मात्र नको, काजवे बघायला येणाऱ्यांची गर्दी असते.

स्कॉटलंडवासी

वाऱ्याबद्दल दर्यावर्दींना दुजोरा. २०२४ च्या ऑगस्ट बँक हॉलिडेच्या (सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीच्या) आधीच्या शुक्रवारी लिलियन वादळ आलं, लीड्स फेस्टिव्हलचे काही मंच बंद ठेवावे लागले होते. आम्ही त्या दिवशी यॉर्कशरला निघणार होतो. सकाळी न निघता दुपारी निघालो, एवढंच केलं. रद्द करणं आणि जाणं यांच्या मध्ये 'सहा तास उशिरा' हाही पर्याय असतो.

सायली_लेस्टर (गुरुवार, रात्री १०:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. जातोय! अलार्म बघितला, मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती, आज नवीन आणला. गॅसवाले काका, तुमचे विशेष आभार. नेहा, तुझं लिहिणं मी दोनदा वाचलं. बरं झालं लिहिलंस.

आईंनी भडंग केलंय. डाळं घालून.

सायली_लेस्टर (सोमवार, दुपारी १२:१५)

परत आलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं सांगितलं होतं.

शुक्रवारी चारला पोचलो, कडक ऊन. मार्शलनी आम्हाला शेताच्या खालच्या कोपऱ्यात जागा दाखवली, हिरवंगार, सपाट, मुलं लगेच पळायला लागली. आई गाडीतून उतरल्या, चार पावलं चालल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "इथे नको. हे लव्हाळं आहे, खाली पाणी धरलंय." खाली वाकून हातानं दाबून दाखवलं, चप्पल उचलली तर टाचेचा खळगा ओला. माझ्या सासऱ्यांची मिरजेच्या बाजूला शेती होती, चाळीस वर्षं आईंनी जमीन बघितलीय. मी भीत भीतच मार्शलना सांगितलं. ते आले, आईंच्या शेजारी गुडघ्यावर बसले, गवत उपटून बघितलं आणि उठून आमच्यासकट तीन व्हॅन वरच्या बाजूला हलवल्या. रविवारी सकाळी त्या कोपऱ्यात घोट्याएवढं पाणी होतं.

शनिवारी अंदाजाप्रमाणे दुपारी तीनला पाऊस सुरू. सहाला वारा वाढला तसं मंदारनं ऑनिंग उतरवायला घेतलं, शेजारचे काका न बोलावता आले आणि एक टोक धरून उभे राहिले. पाच मिनिटांत दोघंही कोपरापर्यंत भिजले.

आता जेवणाचं. नेहा, हे तुझ्यासाठी. आम्ही तंबूत गेलो तेव्हा खुर्च्या गोलच होत्या आणि पहिली पंधरा मिनिटं आम्ही कडेला उभे होतो. पोटात गोळा आला होता. मग आदल्या दिवशी आमच्याबरोबर ज्यांची व्हॅन हलवली होती त्या बाई उठल्या, आईंना हाताला धरून घेऊन गेल्या आणि स्वतःची खुर्ची दिली. आईंना इंग्रजी येत नाही, मी भाषांतर करत होते. दोन तास जमिनीवर, गवतावर, म्हशींवर बोलणं चाललं होतं. त्या बाई डेअरीवाल्याच्या घरात वाढलेल्या. आई नसत्या तर काय झालं असतं, मला खरंच सांगता येत नाही. कोथिंबीर वड्या संपल्या, भडंगाचा डबा क्विझच्या मध्यावर रिकामा.

रात्र मात्र वाईट गेली. झोत आला की व्हॅन डोलायची, धाकटा दोनदा रडत उठला, मीही झोपले नाही. पहाटे चारला सगळं शांत झालं. सकाळी इतकं स्वच्छ ऊन की धुतलेल्या ताटासारखं शेत चमकत होतं. फ्लॅगला मार्शलांचे आभार मानले आणि झेंडा उतरवायचं काम आमच्या लेकीला दिलं. दोरी तिनं इतकी हळू सोडली की सगळे थांबून राहिले होते.

मंदारनं सप्टेंबरच्या वीकेंडला नाव नोंदवलंय. त्यानंच.

चिंच_गूळ

काकूंना माझा नमस्कार सांग. लव्हाळं वाचून अंगावर काटा आला.

दर्यावर्दी

चौदा वर्षांत मला गवत बघायचं सुचलं नव्हतं. पुढच्या वेळी बघणार.

नेहा_नॉटिंगहॅम

वाचलं. दोनदा. सप्टेंबरची तारीख मला कळव. येईनच असं म्हणत नाही, नवऱ्याशी बोलते.

सायली_लेस्टर

कळवते! आणि आता नवीन प्रश्न: ऑनिंग ओलंच गुंडाळून आणलंय, गॅरेज नाही, बाहेर परत भुरभुर चालू आहे. काय करू?

ताडपत्री

आत्ताच्या आत्ता पिशवीतून काढा, दोन दिवसांत बुरशी धरेल आणि ते काळे ठिपके पुन्हा जात नाहीत. जिन्याच्या कठड्यावरून वरून खालपर्यंत सोडा, खाली जुने टॉवेल अंथरा, घरातली खिडकी उघडी ठेवा. उद्या उलटी बाजू. शिवणी आणि चिखलाची झालर सगळ्यात शेवटी वाळते, ती हातानं चाचपून मगच घडी घाला. मेखाही पुसून ठेवा.